जनरेटर बंद पडला ती रात्र, आणि आमच्या सात वाड्यांची नवी घटना

पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं एक गाव. गावाचं आणि वाड्यांचं नाव मुद्दाम देत नाही, माणसं ओळखीची आहेत आणि अजून एकमेकांकडे चवथीला आरतीला जातात. वाडे सात. देवळाचा कारभार महाजनांकडे, तो वेगळा विषय, त्याला इथे हात लावत नाही. पण जत्रेतलं नाटक, श्रावणातला भजनी सप्ताह आणि शिगम्याची जमवाजमव हे सगळं बघते ती सात वाड्यांची मिळून एक उत्सव समिती, आणि हे प्रकरण त्या समितीचं आहे. मी लग्न होऊन या गावात आले, हायर सेकंडरीला पॉलिटिकल सायन्स शिकवते, त्यामुळे "टीचर, तुमचं अक्षर बरं, तुम्ही लिहून घ्या" असं होत होत समितीची वही माझ्याकडे आली. मत द्यायचा हक्क नव्हता, फक्त वही.

समितीची जुनी घटना म्हणजे फुलस्केपची दोन पानं, 22 वर्षांपूर्वी लिहिलेली. ती वाचली की वाटतं कोणी लिहिली ही असली, पण त्याआधीचं ऐकलं की कळतं. त्याआधी एकच गृहस्थ बरीच वर्षं अध्यक्ष होते, कपाटाची चावी त्यांच्याकडे, पासबुक त्यांच्याकडे, नाटकात नायक कोण हेही तेच ठरवायचे. लोक वैतागले, त्यांना बाजूला केलं आणि परत कोणी असा डोक्यावर बसू नये म्हणून जाणूनबुजून अशी घटना लिहिली की समितीच्या हातात काहीच राहू नये. प्रत्येक वाड्याला एक मत, मग वाडा केवढाही असो. अध्यक्षपद दर वर्षी फिरतं, अध्यक्षाला फक्त बैठक बोलवायचा अधिकार. वर्गणी समितीने वाड्याकडे मागायची आणि वाड्याने गोळा करून द्यायची, नाही दिली तर पुढे काय ते लिहिलेलंच नाही. आणि घटनेत काहीही बदल करायचा तर सातही वाड्यांची सही पाहिजे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटाच आला, कारण हेच मी दर वर्षी अकरावीला शिकवते. अमेरिकेच्या 13 वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढता लढता 1777 च्या नोव्हेंबरात आपली पहिली घटना मंजूर केली, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, आणि मेरीलँडने सगळ्यात शेवटी सही केल्यावर ती 1 मार्च 1781 ला लागू झाली. राजाचा धसका एवढा होता की त्यांनी केंद्राला राजासारखं काहीच दिलं नाही. राष्ट्राध्यक्ष नाही, कारभार बघायला वेगळं सरकार नाही, राष्ट्रीय कोर्ट नाही, कर लावायचा अधिकार नाही, व्यापारावर नियंत्रण नाही. प्रत्येक राज्याला एक मत, मोठ्या निर्णयाला 13 पैकी 9 मतं, आणि घटना बदलायला तेराच्या तेरा. काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, पैसे हवे असले की राज्यांकडे मागायचे आणि वाट बघत बसायचं. मुलांना मी नेहमी सांगते, हा मूर्खपणा नव्हता, ही भीती होती, आणि भीतीला कारण होतं. आमच्या दोन पानांचंही तेच.

अडचण

समितीने दर वर्षी प्रत्येक वाड्याकडे 15,000 मागायचे, म्हणजे सात वाड्यांचे 1,05,000. ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी आले 62,000. दोन वाड्यांनी पूर्ण दिले, तीन वाड्यांनी जमेल तेवढे, एका वाड्याने "आमच्याकडे मयत झालं, पुढच्या वर्षी बघू" म्हटलं आणि एकाने उत्तरच दिलं नाही. साउंड-लाइटवाल्याचे दोन वर्षांचे 61,000 थकले होते, मंडपवाल्याचे 34,000. तरी जत्रेचं नाटक ठरवलं, कारण नाटक नाही करायचं हे सांगायचा अधिकारसुद्धा कोणाकडे नव्हता.

त्या रात्री साडेदहाला पहिला अंक संपला, पडदा पडला, आणि जनरेटर बंद झाला. आम्हाला वाटलं डिझेल संपलं. बॅटरी घेऊन मुलं मागे गेली तर साउंडवाला स्वतः मेन स्विचपाशी उभा, हात मागे बांधून. ओरडत नव्हता बिचारा. एवढंच म्हणाला, "भाऊ, माझ्या पोरांचे पगार मी कोणाच्या नावावर मागू? समिती म्हणता, पण समिती म्हणजे कोण, ते तरी सांगा." मैदानात चटया टाकून बसलेली माणसं, लहान पोरं झोपलेली, चणेवाल्याचा एक गॅसबत्तीचा उजेड तेवढा. आमच्या वाड्यातल्या तिघा पोरांनी त्याला ढकललं, त्याच्या माणसांनी यांना ढकललं, एकाचा शर्ट फाटला. शेवटी गावातले एक हॉटेलवाले उठले, घरी जाऊन रोख घेऊन आले आणि 40,000 त्याच्या हातावर ठेवले. दुसरा अंक सव्वाबाराला सुरू झाला.

सगळ्यांनी त्यांचे आभार मानले, मीसुद्धा मानले. पण पुढच्या महिन्यातल्या बैठकीत ते सहज म्हणाले, "पुढच्या वर्षी कुठलं नाटक घ्यायचं ते मी बघतो," आणि कोणी काही बोलू शकलं नाही. एका माणसाच्या हातातून सुटायचं म्हणून लिहिलेल्या घटनेने गाव परत एका माणसाच्या हातात दिलं होतं. मला तेव्हा अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य आठवलं. 1786 च्या ऑगस्टपासून तिथल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज आणि इतरांच्या मागे जाऊन कोर्टं बंद पाडली, 25 जानेवारी 1787 ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल करून गेले, आणि राष्ट्रीय काँग्रेसकडे सैन्य उभं करायला पैसे नव्हते. शेवटी बंड मोडायला जी फौज गेली तिचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी आणि धनिकांनी केला. सामायिक संस्थेला पैसे उभे करता आले नाहीत की काम थांबत नाही, ते कोणीतरी खाजगीत करतं आणि मग ती संस्था त्याची होते. हे मी इतकी वर्षं पुस्तकातून शिकवत होते, त्या रात्री चटईवर बसून बघितलं.

पर्याय

बैठकीत चार गोष्टी पुढे आल्या. एक, प्रत्येक वाड्याने आपापला उत्सव करावा आणि समिती मोडावी, हे बोलणारे जास्त करून तरुण होते आणि ते मनापासून बोलत होते, पण 19 घरांचा वाडा नाटक कसं करणार याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. दोन, हॉटेलवाल्यांनाच अध्यक्ष करून टाकावं, हे कोणी उघड म्हटलं नाही पण मनात बऱ्याच जणांच्या होतं. तीन, जुन्याच घटनेत एक कलम घालावं की 15,000 सक्तीचे. चार, घटना नवी लिहावी.

तिसरा पर्याय सगळ्यात सोपा वाटला म्हणून आधी तोच केला, आणि इथे आमचे पाच महिने गेले. सातांच्या सह्या पाहिजेत. सहा झाल्या, 19 घरांच्या वाड्याने नाही म्हटलं. लोक चिडले, "एवढासा वाडा आणि गावाला अडवतो," पण मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून बघितला. 15,000 भागिले 19 म्हणजे घरटी 789 रुपये. सगळ्यात मोठा वाडा 142 घरांचा, तिथे घरटी 106 रुपये सुद्धा पडत नव्हते. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं की! मग दुसरं काढलं, जत्रेच्या फेरीतल्या दुकानांचं भाडं समितीने घ्यावं, वर्गणीच नको. त्याला रस्त्याकडच्या वाड्याने नाही म्हटलं, कारण फेरी त्यांच्या जागेत भरते आणि ते भाडं आजवर त्यांच्याच वाड्याला मिळतं.

अमेरिकेत अगदी असंच झालेलं. 1781 मध्ये काँग्रेसने आयातीवर 5 टक्के जकात मागितली, बारा राज्यं हळूहळू तयार झाली, 1782 मध्ये ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि विषय बारगळला. 1783 मध्ये परत सुधारून आणली तेव्हा 1786 ला न्यूयॉर्कच्या अटींवर अडकली, कारण न्यूयॉर्कला स्वतःच्या बंदराची जकात मिळत होती, ती कोण सोडेल? ज्या घटनेत सगळ्यांची सही लागते तिच्यात ज्याला आजच्या व्यवस्थेतून फायदा होतोय तोच कायम जिंकतो. हे आम्हाला दोनदा नकार खाल्ल्यावर कळलं, आधी कळायला हवं होतं.

नवी घटना लिहायचा निर्णय

आणि इथेच पहिला खरा पेच होता. जुनी घटना म्हणते सातांच्या सह्यांशिवाय बदल नाही. मग नवी लिहायची कोणाच्या परवानगीने? एक काका, ज्यांनी ती दोन पानं लिहिताना स्वतः सही केलेली, ते फार दुखावले. म्हणाले, "आज तुम्ही चांगल्या कामासाठी नियम मोडता, उद्या दुसरा वाईट कामासाठी मोडेल, त्याला काय सांगणार?" मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियालाही हे असंच झालं होतं, तिथे 25 मे 1787 ला जमलेल्या राज्यांच्या प्रतिनिधींना काँग्रेसने फक्त जुन्या आर्टिकल्समध्ये सुधारणा करायला सांगितलेलं, त्यांनी ती बाजूला ठेवून नवीनच लिहिली आणि वर लिहिलं की तेरा नाही, नऊ राज्यांनी मान्य केली की त्या नऊंमध्ये ती लागू. नियमाने बघितलं तर चुकीचंच. पण त्यांनी एक गोष्ट केली, मंजुरीसाठी ती राज्यांच्या विधिमंडळांकडे न पाठवता लोकांनी निवडून दिलेल्या खास परिषदांकडे पाठवली. म्हणजे खालच्या दारातून, थेट लोकांकडून परवानगी.

आम्ही तेच घेतलं. वाड्याच्या मंडळाच्या अध्यक्षाची सही नाही, वाड्यातल्या सगळ्या घरांची सभा, हात वर करून मतदान, आणि सातपैकी पाच वाडे हो म्हणाले की त्या पाचांत लागू. बाकीच्यांवर जबरदस्ती नाही. काकांना हे पटलं नाही पण ते बैठकीला येत राहिले, आणि खरं सांगायचं तर मसुद्यातली सगळ्यात चांगली दोन कलमं त्यांनी लिहिली.

मसुदा कसा झाला

प्रत्येक वाड्याचे तीन, असे 21 जण, मे महिन्यातले आणि जूनच्या सुरुवातीचे रविवार, प्राथमिक शाळेचा वरचा वर्ग. लहान मुलांचे बाक, त्यावर साठीची माणसं गुडघे आखडून बसलेली. सगळे फोन दारातल्या एका रोवळीत. ही अट मी सुचवली, कारण पहिल्या दिवशी बैठक चालू असतानाच कोणीतरी अर्धं वाक्य व्हॉट्सअॅपवर टाकलं आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं की "टीचर वर्गणी हजार करणार". फिलाडेल्फियालाही बाहेर काही बोलायचं नाही असा नियम होता. त्यामुळे माणूस एका रविवारी एक बोलून दुसऱ्या रविवारी मत बदलू शकतो, तोंडघशी पडत नाही. आमच्याकडे निदान चार जणांनी असं मत बदललेलं वहीत आहे. रस्त्याकडच्या वाड्याचे तिघे आले, दुसऱ्या आठवड्यात दोघं उठून गेले, एक मुलगा राहिला पण एकट्याला वाड्याचं मत देता येईना. फिलाडेल्फियात न्यूयॉर्कचे दोन प्रतिनिधी निघून गेल्यावर तिसऱ्याची, हॅमिल्टनची, अशीच गत झाली होती.

सगळ्यात मोठं भांडण मतांवरून. मोठ्या वाड्याचं म्हणणं, 142 घरं आणि 19 घरं यांना एकच मत हा कुठला न्याय. लहान वाड्यांचं म्हणणं, घरांवर मतं दिली तर दोन मोठे वाडे मिळून सगळं ठरवतील, आम्ही कशाला यायचं. तीन रविवार यातच गेले. तेव्हा एका तरुणाने गोव्याचंच उदाहरण काढलं, लोकसभेत गोव्याचे खासदार 2 आणि उत्तर प्रदेशचे 80, राज्यसभेत आपला 1 आणि त्यांचे 31, तिथे आपण नगण्यच, पण जीएसटी परिषदेत गोव्याच्या मताचं वजन उत्तर प्रदेशएवढंच. म्हणजे आपल्याच देशात दोन्ही मोजमापं चालतात, एका ठिकाणी माणसं मोजतात, एका ठिकाणी राज्यं. हे ऐकल्यावर वर्ग जरा शांत झाला. गोव्याच्या माणसाला लहान असण्याची भीती काय असते ते सांगावं लागत नाही, 1967 च्या ओपिनियन पोलमध्ये गोवा महाराष्ट्रात विलीन करायच्या बाजूने आणि विरोधात अशा दोन्ही बाजूंनी मतं दिलेली म्हातारी माणसं त्या वर्गात बसली होती.

अमेरिकेत हा तिढा 16 जुलै 1787 ला सुटला, कनेक्टिकटच्या लोकांनी आणलेली तडजोड, एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा आणि दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारख्या, आणि ती पण 5 विरुद्ध 4 अशी काठावर पास झाली, मॅसॅच्युसेट्सची मतं निम्मी निम्मी फुटली म्हणून. आम्ही दोन सभागृहं केली नाहीत, गावाला ते झेपलं नसतं. एकच बैठक, पण मत दोनदा मोजायचं. आधी घरांचे प्रतिनिधी, 20 घरांमागे एक आणि उरलेल्या घरांना एक, असे एकूण 25. मग वाड्यांची मतं, सात. दोन्हीकडे बहुमत झालं तरच ठराव पास.

पण माझ्या मते यापेक्षा महत्त्वाचा बदल दुसराच होता, तो झाला अर्ध्या तासात आणि त्यावर कोणी भांडलंच नाही. वर्गणी वाड्याकडून घ्यायची नाही, घराकडून घ्यायची. घरटी 300, पावती त्या घराच्या नावाने, समितीचा माणूस थेट दारात जाणार. जुन्या व्यवस्थेत समितीला घर दिसतच नव्हतं, फक्त वाडा दिसायचा, आणि वाड्याने हात वर केले की संपलं. अमेरिकेच्या जुन्या घटनेचा खरा रोग हाच होता, काँग्रेस राज्यांना हुकूम काढायची, माणसाला नाही, आणि राज्याने ऐकलं नाही तर राज्यावर सैन्य पाठवणार का? नव्या घटनेने केंद्राचा संबंध थेट नागरिकाशी जोडला. कर थेट, कायदा थेट, कोर्ट थेट, प्रतिनिधी थेट निवडलेला. मुलं परीक्षेत "अध्यक्ष आला, कोर्ट आलं" एवढंच लिहितात, ते बरोबर आहे, पण ही गोष्ट लक्षात आली तर बाकीचं आपोआप कळतं.

काकांची दोन कलमं म्हणजे, एक, जुन्या समितीची सगळी देणी ही नव्या समितीची देणी, एक पैसाही बुडवायचा नाही. अमेरिकेच्या घटनेच्या सहाव्या कलमात हेच आहे, काकांना ते माहीत नव्हतं, त्यांना फक्त साउंडवाल्याची लाज वाटत होती. आणि दुसरं, अध्यक्षाला दोन वर्षं द्या, 25,000 पर्यंत खर्चाचा अधिकार द्या, पण पासबुक खजिनदाराकडे आणि दोघं एकाच वाड्यातले नकोत. बाकी पटापट झालं, वाद मिटवायला ज्यांचा वाद नाही अशा वाड्यांचे तिघे, फेरीच्या भाड्यातला अर्धा वाटा समितीला, आणि घटना बदलायला दोन तृतीयांश प्रतिनिधी आणि सातपैकी पाच वाडे. एका वाड्याचा नकाराधिकार गेला.

जे तेव्हा चुकलं

एक वाडा 22 घरांचा. त्यातली 13 स्वतःची आणि 9 भाड्याच्या खोल्या, तिथे जवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये काम करणारी कुटुंबं राहतात, कर्नाटकातली, ओडिशातली, काही दहा-बारा वर्षं इथेच. त्या वाड्याचं म्हणणं, आमची घरं 22 धरा, म्हणजे आम्हाला दोन प्रतिनिधी मिळतील. दुसरे म्हणाले, मग त्या भाडेकरूंना मत देणार का? तर नाही, मत फक्त ग्रामस्थांना. शेवटी ठरलं, खोल्या मोजायच्या, वर्गणी घ्यायची, मत द्यायचं नाही. रात्री आठ वाजलेले, सगळे दमलेले, "लिहा टीचर, पुढे चला".

मी लिहिलं. हात थांबला होता, तरी लिहिलं. फिलाडेल्फियात गुलाम माणसांची गणती तीन-पंचमांश ठरली, म्हणजे पाच गुलाम तीन माणसं म्हणून मोजायचे, त्यांच्या जिवावर दक्षिणेच्या राज्यांना जागा जास्त मिळाल्या आणि त्या माणसांना मत सोडा, स्वतःचं शरीरसुद्धा स्वतःचं नव्हतं, गुलामांचा व्यापारही 1808 पर्यंत बंद करता येणार नाही असं लिहून दिलं. ती एक भयंकर गोष्ट आहे, तिची आणि आमच्या खोल्यांची तुलना करायची नाही मला. पण युक्ती तीच होती, माणसं मोजून घ्यायची आणि बोलू द्यायचं नाही, आणि ती ओळखणारी त्या वर्गात मी एकटी होते. तेव्हा म्हटलं असतं तर? कदाचित मसुदा अडकला असता. कदाचित दोन जण म्हणाले असते, बरोबर आहे टीचर. ते आता कळणार नाही.

मंजुरी

सगळ्यात आधी कोणी हो म्हटलं असेल तर 19 घरांच्या वाड्याने, ज्यांनी आधी अडवलेलं त्यांनीच, एकमताने. घरटी 300 म्हणजे त्यांचे 5,700 होतात आणि वाड्याचं एक मत शाबूत. (अमेरिकेत पहिलं राज्य डेलावेअर, 7 डिसेंबर 1787, लहान राज्य आणि एकमताने, वर्गात मी हे कायम सांगते आणि मुलांना आश्चर्य वाटतं.) मग एकेक करत पाच झाले.

सहाव्या वाड्याच्या सभेत एक आजी उठल्या. त्यांनी विचारलं, "आणि एखाद्याने 300 नाही दिले, विधवा असेल, कोणी आजारी असेल, तर पालखी त्याच्या दारात थांबणार की पुढे जाणार?" आम्ही 21 जणांनी एवढे रविवार घालवले आणि हे लिहिलंच नव्हतं. मतांची मोजणी होती, खर्चाची मर्यादा होती, पण माणसाचा हक्क म्हणून एक ओळ नाही. फिलाडेल्फियातले एक प्रतिनिधी जॉर्ज मेसन हक्कांची यादी नाही म्हणूनच 17 सप्टेंबरला सही न करता निघून गेले होते, आणि मॅसॅच्युसेट्सने फेब्रुवारी 1788 मध्ये 187 विरुद्ध 168 ने मान्यता दिली तीसुद्धा सुधारणा सुचवून. आम्ही आजींना वहीत लिहून दिलं की पहिल्याच सभेत हे येईल. त्यावर तो वाडा हो म्हणाला. अमेरिकेला हक्कांच्या दहा दुरुस्त्या मंजूर व्हायला 15 डिसेंबर 1791 उजाडलं, आम्ही दोन महिन्यांत चार ओळी घातल्या. पहिलीच ओळ, वर्गणी थकली म्हणून कोणाच्याही दारातली पालखी, आरती, प्रसाद अडणार नाही.

रस्त्याकडचा वाडा बाहेर राहिला.

निकाल

पहिल्या वर्षी सहा वाड्यांच्या 388 घरांपैकी 341 घरांनी वर्गणी दिली, म्हणजे 1,02,300. पूर्वी सात वाडे मिळून कधी एवढे आले नव्हते. साउंडवाल्याचे उरलेले 21,000 आधी दिले, मग हॉटेलवाल्यांचे 40,000 परत. त्यांना आधी राग आला, मग त्यांनी घेतले, आणि आता ते घरप्रतिनिधी आहेत, बजेटवर सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारतात. मंडपवाल्याला दोन हप्त्यांत. त्या वर्षी नाटक झालं नाही, पैसे उरलेच नाहीत, फक्त भजनी सप्ताह झाला, आणि यावर गावात खूप बोललं गेलं. पण नाटक नाही हे यावेळी कोणीतरी ठरवलं होतं, वहीत मतांसकट.

रस्त्याकडच्या वाड्याने त्या वर्षी फेरीचं भाडं पूर्ण स्वतःकडे ठेवलं. आम्ही बहिष्कार घातला नाही, पालखी त्यांच्याकडेही गेली. नाटक नाही म्हणून फेरीत गर्दी कमी, दुकानं कमी, भाडंही कमी. दीड वर्षाने त्यांनी सभा घेतली, 27 विरुद्ध 24 ने आत आले. ऱ्होड आयलंडही सगळ्यात शेवटी, 29 मे 1790 ला, 34 विरुद्ध 32 ने.

परत करायचं झालं तर

हक्क आधी लिहीन, मोजणी नंतर. हे नक्की. जुन्या घटनेवर पाच महिने ठिगळं लावण्यात घालवणार नाही, पण तो काळ अगदीच फुकट गेला असंही नाही, दोन नकार झाल्याशिवाय "नवी लिहू" म्हटलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. रस्त्याकडच्या वाड्याकडे मसुद्याआधीच जायला हवं होतं, भाड्याचा अर्धा वाटा हा आकडा आम्ही त्यांच्या पाठीमागे ठरवला, तेच त्यांना लागलं. आणि जुन्या समितीबद्दल बोलताना मी स्वतः जरा जास्तच कडक बोलले, ते बोलायला नको होतं. नाटकाचे पडदे, मायक्रोफोन, दोनशे खुर्च्या हे सगळं त्याच दुबळ्या समितीने घेतलंय. अमेरिकेच्या दुबळ्या काँग्रेसनेही जाता जाता 13 जुलै 1787 ला वायव्य प्रदेशाचा कायदा केला, ज्यात त्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी होती, फिलाडेल्फियात ते जमलं नाही त्याच उन्हाळ्यात.

भाडेकरूंची दुरुस्ती यंदा मी मांडली. यावेळी मी घरप्रतिनिधी आहे, मत आहे. खोलीत सलग तीन वर्षं राहणाऱ्या आणि वर्गणी देणाऱ्या कुटुंबाला एक मत, एवढीच ओळ. 25 पैकी 18 प्रतिनिधी हो म्हणाले, दोन तृतीयांश झाले. वाडे पाच पाहिजेत, चार झालेत. पाचवी सभा 22 घरांच्या त्याच वाड्याची आहे, चवथीनंतरच्या पहिल्या रविवारी. तिथल्या एका खोलीतली बाई दर वर्षीच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत देवापाठी ठेवते, मला दाखवायला घेऊन आली होती, तिन्ही वर्षांच्या, एक पण चुरगळलेली नाही. विचारत होती, "टीचर, सभेला मी येऊन मागे बसले तर चालेल ना?" मी तिला सांगितलंय, पुढे बस, पावत्या घेऊन ये.